अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

सप्टेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर वार्षिक सभेचा कागद लागतो. त्यावरचे विषय कुणी वाचत नाही. शेवटची ओळ मात्र मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तीस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.

सभा सकाळी दहाची. दहाला गच्चीवर सेक्रेटरी, खजिनदार आणि भाड्याने आणलेल्या खुर्च्या. साडेदहाला आणखी पाचजण उगवतात, त्यांतले दोघे सामोशांसाठी. उपविधींप्रमाणे दोन-तृतीयांश सभासद किंवा वीस, यांतला जो आकडा कमी तेवढी माणसं जमली की भागतं. बत्तीस बिऱ्हाडांतून वीस. तीही जमत नाहीत. मग सातजण वर्षभराचा हिशेब मंजूर करून टाकतात आणि उरलेली पंचवीस बिऱ्हाडं पुढचं वर्षभर जिन्यात विचारत राहतात, 'हे ठरवलं कुणी?'

1915 साली रावबहादूर तालमकींच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तेव्हा त्या मंडळींना या अर्ध्या तासाची कल्पना नसावी. पुढे 1957 साली मुलुंड, बोरिवली, दहिसर मुंबई महापालिकेत आले, 1960 चा सहकारी संस्थांचा कायदा आला, 1963 चा ओनरशिप फ्लॅटचा. गिरगाव-लालबागच्या चाळींतला माणूस डब्याच्या रांगेला कंटाळून उपनगरात आला. 'घरात संडास' एवढ्या एका गोष्टीवर त्याने प्रॉव्हिडंट फंड रिकामा केला. सहकार त्याने मागितला नव्हता, तो शेअर सर्टिफिकेटाबरोबर गळ्यात पडला.

आमची इमारत त्याच पिढीतली. तळमजला अधिक तीन, दोन विंग, लिफ्ट नाही. 1963 च्या कायद्याच्या हिशेबाने सोसायटी नोंदली की चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावावर करून द्यायची. आमचे चार महिने अजून चालू आहेत. दरम्यान बिल्डर देवाघरी गेला, त्याच्या मुलांत वाटण्या झाल्या, आणि मालमत्ता पत्रकावर तो एकटाच काय तो जिवंत आहे. बिल्डरवाचून जमीन नावावर होण्याची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची, सोय 2008 पासून आहे. आमचा अर्ज 'कागद जमवणं चालू आहे' या अवस्थेत आहे आणि कागद ज्यांच्या कपाटात आहेत त्या माजी सेक्रेटरींचं आजी सेक्रेटरींशी बोलणं बंद आहे.

बोलणं बंद होण्याचं कारण गळती. सोसायटीतल्या कुठल्याही वैराचं मूळ खणत जा, शेवटी नहाणी ट्रॅपच लागतो. ए-9 च्या न्हाणीघराच्या छताला ओल आली. वरच्या ए-13 चं म्हणणं, 'छत तुमचं, तुम्ही बघा.' ए-9 चं म्हणणं, 'पाणी तुमचं.' उपविधी म्हणतात, वरच्याच्या संडास-मोरीतून गळत असेल तर खर्च वरच्याचा, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून झिरपत असेल तर सोसायटीचा. झालं. त्या दिवसापासून ए-13 ने पाणी आपल्या मोरीतून नसून थेट आभाळातून येतंय हे सिद्ध करायला घेतलं. प्लंबर आला. त्याने फरशीवर हातोडी वाजवली, कान लावला, म्हणाला कोबा पोकळ झालाय. ए-13 ने त्याला चहा पाजल्यावर म्हणाला, बाहेरच्या पाइपचंही असू शकतं. अहवाल दोन्ही बाजूंनी फाइलला लावला. ए-9 च्या वहिनी गेली कित्येक वर्षं आंघोळीला जाताना आत एक जादा बादली नेतात, छताखाली ठेवायला, आणि ती भरली की जिन्यात ए-13 च्या काकूंना ऐकू जाईल अशा बेताने ओततात.

लिफ्टचंही तसंच. वरच्या मजल्यांवरचे गुडघे साठीला टेकले तेव्हा बाहेरून लिफ्ट बसवायचा विषय निघाला. लिफ्टच्या देखभालीचा खर्च, वापरा न वापरा, सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा असतो. हे वाक्य उच्चारल्याबरोबर तळमजल्याच्या ए-2 नी विचारलं, 'लिफ्टने मी जाऊ कुठे?' प्रश्न बिनतोड होता. विषय पुढच्या सभेवर ढकलला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तेव्हापासून खाली आल्या त्या मतदानाला आणि 26 जानेवारीच्या सत्यनारायणाला, दोन्ही वेळा खुर्चीत बसवून.

आता मुख्य विषय. आमच्याकडे कुठलीही दुरुस्ती होत नाही, कारण इमारत पाडायची आहे. गेली निदान पंधरा वर्षं पाडायची आहे. रंग काढायचा? पाडायचीच आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग? पाडायचीच आहे, निळं प्लॅस्टिक टाका. जिन्यातला बल्ब गेला तेव्हा ए-2 'रिडेव्हलपमेंट' असं काहीतरी पुटपुटल्याचं मी स्वतः ऐकलंय. मेन्टेनन्स शंभर रुपयांनी वाढवायचा ठराव आला की 'उद्या पाडायच्या इमारतीवर खर्च?' म्हणून पंचवीस बिऱ्हाडं तुटून पडतात. सभेला न येता. व्हॉट्सॲपवर.

तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं असल्याने तेवढं मात्र झालं. इंजिनिअरने खांब ठोकून पाहिले, नमुने नेले आणि कळवलं, इमारत सी-2बी. म्हणजे लोकांना न हलवता दुरुस्त करण्याजोगी. इमारतीत सुतकी शांतता पसरली. सी-1 म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडण्याची, येईल अशी सगळ्यांची मनोमन आशा होती. आपलं घर डोक्यावर पडणार नाही हे कळून लोकांचे चेहरे पडलेले मी प्रथमच पाहिले. 'परत एकदा बघा ना नीट,' असं खजिनदारांनी इंजिनिअरला अजिजीने सांगितलं.

25 जुलै 2017 ला घाटकोपरच्या दामोदर पार्कात चार मजली इमारत कोसळून 17 माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं. त्या आठवड्यात आमच्याकडे प्रत्येकजण शेजाऱ्याच्या घरातल्या भिंती मोजून आला. पुढच्या आठवड्यात बी-4 ने बाल्कनी आत घ्यायला सुरुवात केली.

अखेर गेल्या महिन्यात पुनर्विकासाची विशेष सभा झाली. 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे हिला दोन-तृतीयांश उपस्थिती लागते, एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती लागते, निबंधक कार्यालयाचा माणूस हजर लागतो आणि चित्रीकरण लागतं. जवळच्या शाळेचा हॉल घेतला होता. सभा पाचची, साडेचारलाच खुर्च्या संपल्या! कॅमेरा असल्याने बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. न्यू जर्सीला राहणारे बी-11, ज्यांनी भाडेकरू ठेवून दहा टक्के बिनभोगवटा शुल्कावरून वर्षानुवर्षं ईमेलने भांडण चालवलंय, ते विमानाने हजर, कारण मुखत्यारपत्रावर इथे मत चालत नाही. बँकेतून निवृत्त झालेले बी-6, ज्यांनी सोसायटीचा ताळेबंद कधी उलगडून पाहिला नाही, ते 33(7)(बी), फंजिबल आणि टीडीआर यांवर प्रवचन देत होते. विमानतळाच्या फनेलमध्ये आपण येत नाही याबद्दल त्यांनी ईश्वराचे आभार मानले. त्यांचे पार्ल्याचे साडू म्हणे डोक्यावरून विमान गेलं की हातचे गेलेले मजले मोजत बसतात.

बिल्डरच्या माणसाने पडद्यावर टॉवर दाखवला. ए-2 उठले. सगळे सावध झाले.

'लिफ्ट किती?'

'तीन, काका.'

'स्पीड काय?'

मग मजल्यांचा वाद निघाला. चिठ्ठ्या टाकू असं वरच्यांचं मत, आमचं वय बघून वरचा हवेशीर मजला द्या असं तळमजल्याचं. ए-9 ची अट एकच, ए-13 वर नको. ए-13 नेही तीच अट घातली आणि इतक्या वर्षांत प्रथमच दोघांचं एकमत इतिवृत्तात नोंदलं गेलं. बत्तीसपैकी तीसजण होकाराला उभे राहिले.

सेक्रेटरींचे डोळे भरून आले. तीस सभासद एका छताखाली! त्यांनी घाईघाईने माइक धरला. म्हणाले, 'सगळे आहातच, तर अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचा एक विषय घेतो. पाण्याच्या पंपाची मोटर गेली आहे. वॉचमन स्टार्टरला काठीने टोला हाणतो तेव्हा चालते. अठरा हजारांचं काम आहे.'

निबंधक कार्यालयाचा माणूस 'विशेष सभेत ऐनवेळचे विषय घेता येत नाहीत' हे सांगायला उठला, पण तशी गरज पडली नाही. दारात चेंगराचेंगरी झाली होती. ए-2 सर्वांच्या पुढे होते. जाता जाता ते मागे वळून ओरडले, 'अहो, पाडायचीच आहे ना आता!'

बिल्डर बदलून मागायची मोहीम दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरू झाली. वॉचमनने नवी काठी मागितली आहे, जुनी मोडली. कमिटीने तीन कोटेशनं मागवली आहेत.