टिंबाचा कायदा

ज्याच्या घरी ‘शि. सा. न. वि. वि.’ एवढ्या पाच अक्षरांत शिरसाष्टांग नमस्कार उरकून पुढच्याच ओळीत उसने पैसे मागण्याचा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याला संक्षेपाचे भय ते काय, असा माझा समज होता; तो नास्ट्रानची पहिली फाईल समोर येईपर्यंत टिकला.

विमाने व अग्निबाण यांच्या सांगाड्यांवरील ताणांचे गणित करण्यासाठी नासाने 1960 च्या दशकात ही प्रणाली सिद्ध करविली, तेव्हा सारा मजकूर 80 स्तंभांच्या छिद्रांकित कार्डांवर भरावा लागे: ओळीत 10 रकाने आणि रकान्यात 8 घरे. कार्डे केव्हाच रद्दीत गेली. रकान्यांची वहिवाट मात्र कायम आहे. पत्र्याच्या चौकोनी तुकड्याची नोंद ‘सीक्वाड4’ या कार्डावर, त्याची जाडी ‘पीशेल’वर आणि धातूचे गुणधर्म ‘मॅट1’वर; म्हणजे अर्ज एका मेजावर, मुद्रांक दुसऱ्यावर आणि सहीचे साहेब तिसऱ्या मजल्यावर. ‘एसपीसी’ कार्डावरचे 123456 हे आकडे मला प्रथम कुणा विसराळू गृहस्थाचा परवलीचा शब्द वाटले. तीन सरळ आणि तीन फिरत्या अशा सहाही हालचालींवर आणलेली ती जप्ती होती. पोलादाच्या घनतेपुढे 7.85-9 असे लिहिलेले पाहून मी इमानेइतबारे वजाबाकी केली व उत्तर उणे 1.15 आल्यावर, ऋण वजनाचे पोलाद बाजारात कधी आले, या चिंतेत पडलो. जागेच्या टंचाईत दहाच्या घाताची खूण गाळण्याची तेथे मुभा आहे, हे मागाहून कळले.

परंतु या दरबारातला खरा सत्ताधीश म्हणजे दशांशाचे टिंब. पोलादाचा स्थितिस्थापकतेचा गुणांक मी 210000 असा सरळ मनाने लिहिला, आणि टिंब नाही एवढ्याच सबबीवर सबंध प्रकरण ‘फेटल’ असा शेरा मारून परत आले. (हा शब्द इंग्रजी असल्याचे सांगतात, मला तो ‘फेटाळणे’ या आपल्याच क्रियापदाचा वंशज वाटतो.) म्हणून दुसऱ्या खेपेस मी दिसेल त्या आकड्याला टिंब दिले, तर बिंदूंच्या अनुक्रमांकांना ते दिल्याबद्दल पुन्हा तोच शेरा.

त्या रात्री मी अशी काही शिस्त अंगी बाणवून घेतली की, महिन्याच्या सामानाच्या यादीत ‘साखर 2. किलो’ असे लिहिले गेले. वाण्याने यादी परत पाठवली. टिंबापुढचा आकडा राहिला आहे, तो भरून द्यावा, असा निरोप होता.