तात्यांचा गुडघा

आमच्या मारुंजीच्या तात्यांना ७५ पूर्ण झाली आणि सरकारनं त्यांना लालपरीत फुकट बसवलं. ऑगस्ट २०२२ पासूनची ही योजना. नावही भारदस्त, ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’. तात्या आठवडाभर हवेत होते. मग ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचं बिल आलं. त्यावर नमुना आठमधलं नाव होतं, घराचं क्षेत्रफळ होतं, वय कुठंच नव्हतं.

“एसटीत मी अमृत, आणि घरात नुसता खातेदार?”

कुणीतरी सांगितलं, तात्या, पलीकडे पुनावळ्यात चौकशी करा. ते गाव १९९७ पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेत. तिथंही ज्येष्ठ म्हणून सूट नाही, पण दिव्यांगांना ५० टक्के आहे. तात्यांनी गुडघ्याकडे पाहिलं. इतक्या मायेनं त्यांनी तो आजवर पाहिला नव्हता.

पण दिव्यांगत्व हवं किमान ४० टक्के, तेही प्रमाणपत्रावर. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं दिली आहेत. तात्यांनी चष्मा पुसून यादी दोनदा वाचली. म्हातारपण काही सापडलं नाही. “गुडघा ३९ वर अडला तर?” मी विचारलं. तात्या जिन्याकडे बघायला लागले, तेव्हा मी विषय बदलला.

शिवाय ही सूट फक्त सामान्य करात. बिलातले वृक्षकर, अग्निशमन कर, शिक्षणकर आहेत तिथंच. झाडाला काय पडलंय तुमच्या पायाचं?

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, “महापालिकेत बाईच्या नावावर घर असलं की ३० टक्के सूट मिळते म्हणे. नाहीतरी हिंजवडी-मारुंजी पालिकेत घ्यायचं वर्षानुवर्षं चाललंयच. आत्ताच करून टाका की माझ्या नावावर.” तात्यांनी चहा बशीत ओतला आणि बराच वेळ फुंकत राहिले. तीस टक्क्यांसाठी शंभर टक्के घर! हा हिशेब त्यांना कुठल्याही पट्टीत बसेना.

परवा ते वल्लभनगर आगारात भेटले. नारायणगावला निघाले होते, काम काहीच नव्हतं. एसटीची पायरी उंच, गुडघा काही वर येईना. दोघांनी काखेत हात घालून चढवलं. खिडकीशी बसून तिकिटावरचं शून्य मला अगदी अभिमानानं दाखवलं.

मारुंजीहून आगारापर्यंत रिक्षाला किती झाले, ते मात्र सांगितलं नाही.