गुरुजी, गोल फिरतंय!

गुरुजींच्या फोनमध्ये शाळेचे ग्रुप किती, हे खुद्द गुरुजींनाही सांगता यायचं नाही. केंद्राचा एक, बीटाचा एक, तालुक्याचा एक, पोषण आहाराचा वेगळा, पालकांचा आणखी वेगळा. शिवाय 'फक्त महत्त्वाचे' नावाचा एक, ज्यावर रोज पहाटे गुलाबाची फुलं येतात. 2024 मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं तेव्हा या सगळ्या ग्रुपांची नावं धडाधड बदलली. बोलताना सगळे अजून 'नगर'च म्हणतात, ते सोडा.

आपले गुरुजी तसे काल्पनिक. पण जिल्ह्यातल्या कुठल्याही दोन गुरुजींना त्यांचं वर्णन सांगा, दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील. क्षेत्रफळात राज्यात पहिला नंबर असलेला हा 14 तालुक्यांचा जिल्हा. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याच्या वाड्यांवर मास्तर पोहोचतात, रेंज पोहोचेलच असं नाही. गुरुजींची द्विशिक्षकी शाळा मात्र नेवाशाकडच्या सपाट मुलखात, म्हणजे तीही सबब गेली.

बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत. कोडवर फोन धरला की 'दीक्षा' ॲपवरचा व्हिडिओ उघडतो. निदान उघडावा. तिसरी-चौथीची पोरं एका स्क्रीनवर डोकी घालून बसतात आणि धड्यापेक्षा जास्त एकाग्रतेने ते फिरणारं वर्तुळ बघतात. "गुरुजी, गोल फिरतंय!" पृथ्वीचं परिवलन शिकवताना याहून चांगलं साधन कुठून आणणार?

या क्यूआर कोडाचं नाव निघालं की माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसलेंचं नाव निघतंच. पुस्तकाला कोड चिकटवून मुलांना कविता ऐकवणाऱ्या या गुरुजींना डिसेंबर 2020 मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकली. त्याच्या तीन महिने आधी नगर जिल्ह्यानेही कॉलर ताठ केली होती. गोपाळवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले नारायण मंगलारम हे त्या वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराच्या 47 मानकऱ्यांपैकी एक. करोनामुळे 5 सप्टेंबरचा तो सोहळाच ऑनलाइन झाला. राष्ट्रपती पडद्यावर, टाळ्याही पडद्यावर.

उलट जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारने आधी गाव करोनामुक्त केलं आणि जून 2021 मध्ये, राज्यातल्या शाळा मोबाइलवर भरत असताना, सरळ शाळेचं कुलूप काढलं. त्याला कुठलंही ॲप लागलं नाही.

सरकारचा उत्साह मात्र कायम कॅमेऱ्यावर. नोव्हेंबर 2016 मध्ये आदेश निघाला की शिक्षकाने दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासोबत सेल्फी काढून 'सरल' पोर्टलवर चढवावा. गैरहजर मुलं त्यातून सापडणार होती. शिक्षकांनी ओरड केली आणि जानेवारी 2017 मध्ये तो गुंडाळला गेला. मुलांची तेवढी निराशा झाली, कारण सोमवारचे पहिले दोन तास केस विंचरण्यात गेले असते. डिसेंबर 2023 पासून हजेरी चॅटबॉटवर आली. पूर्वी मुलं 'हजर' म्हणायची आणि विषय संपायचा. आता तीच बातमी गुरुजी बोटाने एका यंत्राला कळवतात.

तरी एके दिवशी आपल्या गुरुजींच्या फोनने वर्ग जिंकला. गणिताच्या तासाला, घरी कांदा काढणीला आलेल्या चौथीतल्या एका पोरीने फोन तोंडाशी धरून विचारलं, "घोडेगावला कांद्याचा आज काय भाव?" फोनने विचार केला आणि पुणे जिल्ह्यातलं, आंबेगावातलं घोडेगाव काढून दाखवलं. वर्ग खवळला. "गुरुजी, याला भूगोल येत नाही!" मग सगळ्यांनी मिळून त्याला नेवाशाचं घोडेगाव शिकवलं. भाव सापडला आणि खरी भांडणं सुरू झाली. एक नंबरचा भाव धरायचा की बारक्या गोल्टीचा? ट्रॅक्टरला गोण्या किती? शेवटच्या बाकावरचा पोरगा, जो पाढ्याला कधी तोंड उघडत नाही, तो उठून म्हणाला, "हमाली, तोलाई वजा करा, नाहीतर पट्टी जुळायची नाही." गुणाकार, वजाबाकी, शेकडेवारी, सगळं फळ्यावर उतरलं. मधली सुट्टी झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, फक्त खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या आलं.

तेवढ्यात फोन वाजला. केंद्राच्या ग्रुपवर लिंक, 'अतितात्काळ'. आपण अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर करता का? होय/नाही. होय असल्यास विद्यार्थी मोबाइल हाताळत असतानाचा फोटो जोडा.

आता शाळेत फोन एकच. तो पोरीच्या हातात असला तर फोटो कशाने काढायचा, आणि गुरुजींच्या हातात असला तर फोटोत काय दाखवायचं? दुसऱ्या मॅडम फोनसकट तालुक्याला प्रशिक्षणाला गेलेल्या. विषय अर्थातच तंत्रज्ञान. शेवटी पोरीनेच तोडगा काढला. सगळ्यांनी दप्तरातल्या पाट्या काढल्या, आडव्या धरल्या आणि त्यावर बोट फिरवत गंभीर चेहऱ्याने बसले. फोटो फक्कड आला. दोन मिनिटांत ग्रुपवर केंद्रप्रमुखांचा अंगठा आला आणि खाली प्रश्न: "टॅब लोकवर्गणीतून का?"