डब्यातला खरखराट

ह्या माणसाचं सगळं ठरलेलं असतं. साडेपाचला उठणार, सव्वासहाला पर्वतीची पहिली पायरी, उतरल्यावर त्याच टपरीवर तोच अर्धा चहा. बुधवारी मटकीऐवजी मसूर झाली तर दिवसभर गप्प. पण एन्क्रिप्शनची किल्ली बनवायला कॉम्प्युटरला जे आकडे लागतात, ते मात्र ब्रह्मदेवालाही आधी कळता कामा नयेत, असा त्याचा हट्ट.

रँडम आकडे देणारं सर्किट प्रोसेसरमध्येच असतं, हे त्याला सांगू नका. "आत शिरून बघितलंत?" असं विचारतो. मग पुरावे काढतो. २०१९ साली एएमडीच्या नव्या रायझन चिपांकडे आकडा मागितला की काही मशीनवर दर वेळी सगळेच्या सगळे बिट 'एक' यायचे. त्याआधी डेबियन लिनक्समध्ये ओपनएसएसएल ह्या एन्क्रिप्शनच्या कोडातल्या दोन ओळी कुणी निकामी केल्या आणि २००८ पर्यंत एका प्रकारच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. हे सांगताना आवाज असा खाली आणतो, की भानगड त्याच्याच भावकीतली वाटावी.

म्हणून त्याने स्वतः सर्किट जोडलं. झेनर डायोड उलटा जोडून ब्रेकडाउनला नेला की त्यातून खरखराट निघतो. तो मोठा करून त्याचे शून्य-एक करायचे. विद्या अस्सल आहे, नाही म्हणायची सोय नाही. पण आधी त्यात घुसला घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट, मागोमाग शेजारच्या काकूंचा मिक्सर. सकाळी आठ ते साडेआठ चटणी वाटू नका, असं तो सांगायला गेला. काकू म्हणाल्या, "बरं, मग पाट्यावर तुम्ही वाटून द्या." शेवटी सर्किट शंकरपाळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात गेलं आणि डब्याला अर्थिंग मिळालं.

तरीही शून्यांपेक्षा एक जास्त पडायला लागले. मग फॉन नॉयमनची युक्ती: बिट जोडीने घ्यायचे, सारखे असले तर जोडी टाकून द्यायची, वेगळे असले तर पहिला ठेवायचा. ह्यात चारातले निदान तीन बिट वाया जातात. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारा हा गृहस्थ तेवढा माल हसत फेकतो.

वास्तविक लिनक्सचा कर्नल एकट्या चिपवर विसंबतच नाही. इंटरप्टच्या वेळांसारखं जे हाती लागेल ते त्यात कालवतो. चिपने थाप मारली तरी दुसरीकडून पुरेशी अनिश्चितता मिळत असेल तर किल्ली शाबूत राहते. तेव्हा त्याने दिवाळीआधी डबा घासून परत द्यावा, हे बरं.