आठ वाट्या चटणी

मिक्सरमधल्या चटणीला चव नसते, असं आमच्या आत्याचं ठाम मत आहे. ती स्वतः गेली पंचवीस वर्षं मिक्सरच वापरते. पण मत पाट्याच्या काळात घडलेलं असल्यामुळे पाट्याइतकंच टिकाऊ आहे. आमच्याकडे जेवायला आली की चटणी बोटाला लावते, सुस्कारा टाकते आणि म्हणते, "पाट्यावरची असती तर!" आमच्या हिने त्याकडे लक्ष द्यायचं कधीच सोडून दिलंय. वाद मी घालतो. "अगं, नारळ तोच, मिरची तीच, मीठ तेच. चव वेगळी येईल कुठून?" यावर तिचं उत्तर ठरलेलं: "तुला कळायचं नाही."

गेल्या दिवाळीत आमची मुलगी मध्ये पडली. ती संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे घरातल्या कुठल्याही वाक्याकडे ती संशयाने बघते. "नुसतं भांडताय काय? आत्याआजीला ओळखायला लावा ना," ती म्हणाली आणि तिने आम्हाला एका इंग्लिश बाईंची गोष्ट सांगितली.

१९२०च्या दशकात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांनी चहाचा कप पुढे केला तो म्युरिएल ब्रिस्टल या शैवालांच्या अभ्यासक बाईंनी नाकारला. कपात आधी दूध आणि मग चहा, असाच त्यांना आवडायचा, आणि आधी काय ओतलंय हे आपल्याला चवीवरून कळतं, असा त्यांचा दावा होता. (आपल्याकडे दूध, पाणी, साखर सगळं एकत्रच उकळतात, त्यामुळे निदान या एका मुद्द्यावर घरं शाबूत आहेत.) दुसरा कुणी असता तर हसून सोडून देता. फिशरनी आठ कप मांडायचे ठरवले, चार असे, चार तसे. पुढे १९३५ साली प्रयोगांच्या आखणीवर पुस्तक लिहिलं तेव्हा हाच चहा त्यांनी उदाहरणाला घेतला. गंमत म्हणजे बाई जिंकल्या की हरल्या, हे त्यात सांगितलंच नाही.

"आठच का?" मी विचारलं. एकच जोडी ठेवली तर डोळे मिटून बोट ठेवणाराही निम्म्या वेळा बरोबर येईल. तीन-तीन ठेवल्या तर नुसत्या नशिबाने सगळ्या जुळण्याची शक्यता विसात एक. चार-चार ठेवल्या की सत्तरात एक. म्हणजे आत्याने चारही अचूक काढल्या, तर तिला काहीतरी कळतं हे मला मान्य करावं लागणार होतं. ते आधीच कबूल करून घेतलं गेलं, साक्षीदारांसमोर. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात अवघड गेली. काय घडलं तर आपण हरलो, हे पंधरा वर्षांच्या वादात मी एकदाही बोललो नव्हतो. आत्याही नव्हती. म्हणून तर वाद इतका सुखाने चालला होता.

प्रत्यक्ष तयारीला बसलो तेव्हा कळलं की चटणी ही फारच लबाड वस्तू आहे. दोन नारळ घेतले तर एक गोड निघेल, म्हणून एकच खोवला आणि मिरची-कोथिंबीर-मीठ घालून, कालवून मग निम्मा केला. पाणी चमच्याने मोजलं. मिक्सरमधली चटणी कोमट होते, म्हणजे गरम-गार यावरूनच चोरी पकडली जाणार. म्हणून दोन्ही तासभर झाकून ठेवल्या. दोन्ही दिसायला वेगळ्या, म्हणून डोळ्यांना ओढणी. पाटा गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली होता, तो काढून घासण्यात सकाळ गेली. वाटायला ही बसली. तिसऱ्या मिनिटाला तिने कंबर धरली, आणि ओढणी हातात घेऊन तयार असलेली आत्या म्हणाली, "तिचा हात बसलेला नाही. ही काही खरी पाट्यावरची नव्हे." मुलगी कडाडली, "आत्याआजी, सबबी आत्ताच सगळ्या सांगून टाक. नंतर एकही चालणार नाही."

वाट्या भरल्या मुलीने, बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ती आतल्या खोलीत जाऊन बसली. वाढायचं काम माझ्याकडे, कारण कुठली वाटी कसली हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर माझ्या नुसत्या "हं, घे" वरून आत्याने ओळखलं असतं. मी दुसरीत असताना फोडलेली बरणी तिने अशीच ओळखली होती. वाट्यांचा क्रमही पेल्यातून चिठ्ठ्या काढून ठरला.

आत्याने प्रत्येक वाटी चाखली, मध्ये पाण्याचा घोट घेतला आणि चार वाट्या डावीकडे सरकवल्या: "ह्या पाट्यावरच्या." चिठ्ठ्या उघडणार तोच ही म्हणाली, "आता तुम्हीही बसा की ओढणी बांधून." वाट्या पुन्हा फिरवल्या गेल्या. मी चाखल्या. खरं सांगायचं तर फरक मला लख्ख जाणवला. चार वाट्यांत नारळ दाताखाली येत होता, चारांत सगळं एकजीव होतं. छान मिळून आलेली ती पाट्यावरची, असं ठरवून मी त्या बाजूला काढल्या.

निकाल लागला. आत्याच्या चारांत तीन बरोबर. "पंच्याहत्तर टक्के! डिस्टिंक्शन!" ती म्हणाली. मुलगी कागदावर आकडे मांडत होती. "चारांत निदान तीन नशिबाने जुळण्याची शक्यता सत्तरात सतरा. जवळजवळ चारात एक. यावरून काहीच म्हणता येत नाही." एवढे कष्ट करून काहीच म्हणता येत नाही, हे ऐकून हिने कंबरेवर आणखी थोडं आयोडेक्स चोळलं.

"आणि बाबांचं?"

माझ्या चारही वाट्या मिक्सरच्या निघाल्या. एकूण एक.

मी आनंदाने म्हणालो, "बघा! म्हणजे काही कळत नाही कुणाला." मुलगी माझ्याकडे टक लावून बघत राहिली. "बाबा, चारच्या चार चुकायची शक्यतासुद्धा सत्तरात एकच असते. तुम्हाला फरक अगदी नक्की कळतो. कशाला काय म्हणतात तेवढं कळत नाही."

आत्याने ओढणीची घडी घातली, उरलेली चटणी एका वाटीत गोळा केली आणि विचारलं, "भाकरी टाकायच्यात ना गं अजून?"