सुखासुखी अडखळण्याचे शास्त्र

न्यू यॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात कनिंगहॅम पार्क नावाचे ३५८ एकरांचे सार्वजनिक उद्यान असून त्यात सायकलस्वारांसाठी दोन निरनिराळ्या वाटा आहेत. त्यांपैकी एक स्वाराला तिळमात्र धक्का बसू नये अशी आहे आणि दुसरी त्याला भरपूर धक्के बसावेत अशा हेतूने आखलेली आहे. वरकरणी पाहता दुसऱ्या वाटेकडे कोणी शहाणा माणूस फिरकू नये. प्रत्यक्षात सुटीच्या दिवशी सकाळी तिच्याच तोंडाशी मोटारींच्या पाठीला बांधून आणलेल्या सायकली उतरवण्याची लगबग चाललेली दिसते, आणि उतरणाऱ्या काही सायकलींची किंमत त्यांना वाहून आणणाऱ्या मोटारीहून जास्त असावी, असा संशय निरीक्षकास आल्यावाचून राहत नाही.

दुसऱ्या वाटेचे मर्म समजण्यासाठी पहिलीचा इतिहास आधी पाहावा लागतो. विल्यम के. व्हँडरबिल्ट ज्युनियर हा रेल्वेवर गबर झालेल्या घराण्यातील वारस भरधाव मोटारींचा शौकीन होता आणि १९०४ पासून तो लाँग आयलंडच्या सार्वजनिक रस्त्यांवर मोटारींच्या शर्यती भरवीत असे. परंतु १९०६ च्या शर्यतीत एक प्रेक्षक प्राणास मुकल्यावर, जेथे माणसे, कोंबड्या आणि घोडागाड्या आडव्या येणार नाहीत असा स्वतःचा रस्ता असावा, हे त्याने मनावर घेतले. त्यातून ‘लाँग आयलंड मोटर पार्कवे’ हा केवळ मोटारींसाठी राखलेला रस्ता जन्माला आला आणि १९०८ मध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला. रस्ता काँक्रीटचा होता, आडवे येणारे रस्ते पुलांवरून किंवा पुलांखालून काढून दिलेले होते, आणि वळणांवर बाहेरची कड उचललेली होती, जेणेकरून वेगातील मोटार बाहेर फेकली जाऊ नये. या सुखासाठी सुरुवातीस २ डॉलर टोल मोजावा लागे, जी त्या काळी मजुराच्या दिवसभराच्या कमाईला लाजवील अशी रक्कम होती. पुढे सरकारने तितकेच चांगले रस्ते फुकट बांधले, टोल उतरत गेला, कर थकले, आणि १९३८ मध्ये हा रस्ता मोटारींना बंद झाला. क्वीन्समधील त्याचा भाग त्याच वर्षी सायकलस्वारांना मिळाला, आणि कोट्यधीशाने वाऱ्याशी स्पर्धा करण्यासाठी बांधलेल्या त्या रस्त्यावरून आता बाबागाड्या आणि गुडघे सांभाळून चालणारी वडीलधारी मंडळी संथपणे जातात.

आता दुसरी वाट. तिला सिंगलट्रॅक म्हणतात, म्हणजे एका वेळी एकच सायकल मावेल इतकी अरुंद, झाडाझुडपांतून वळसे घेत जाणारी मातीची पायवाट. वाट म्हटली की ती एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी पोहोचते, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज उद्यानातील सिंगलट्रॅकला लागू पडत नाही. तिला कोठेही जायचे नसते. शहरातील रान मुळात ओंजळभर असते, त्यातही दोन महामार्ग या उद्यानाचे तुकडे पाडून गेलेले आहेत, तेव्हा सुमारे १० किलोमीटर लांबीची वाट तेवढ्या जागेत बसवायची तर ती शेवयांसारखी घडीवर घडी घालूनच बसवावी लागते. परिणामी स्वाराला आपल्यापुढे निघून गेलेला सोबती झुडपांपलीकडे हातभर अंतरावर दिसतो, दोघांत चार शब्दांची देवघेवही होते, आणि तरीही वाटेच्या हिशेबाने तो कित्येक वळणे पुढे असतो. घनदाट अरण्यात हरवल्याचा भास निर्माण करणे ही आखणी करणाऱ्याची खरी कसोटी होय. या कसोटीला येथील आखणी बहुतांशी उतरते. फक्त क्लिअरव्ह्यू एक्सप्रेसवेवरील मालमोटारींची घरघर त्या अरण्यात सतत ऐकू येत असल्याने हरवलेल्या माणसाला, आपण कोणत्या बहिर्गमन मार्गाजवळ हरवलो आहोत, हे बरेचसे अचूक सांगता येते.

ही वाट ज्या सायकलीसाठी आहे तिला माउंटन बाइक म्हणतात, आणि क्वीन्सचा सर्वोच्च बिंदू समुद्रसपाटीपासून ८० मीटरही उंच नाही. ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. या सायकलीचा उगम अमेरिकेच्या दुसऱ्या टोकास, कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत झाला. तेथे १९७० च्या दशकात काही तरुण दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बोजड, जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर चढवीत आणि तेथून स्वतःस खाली लोटून देत. ऑक्टोबर १९७६ पासून त्यांनी ज्या उतारावर शर्यती लावल्या त्याचे नाव रीपॅक. या सायकलींना पायडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या तुंब्यात लागणारा ब्रेक असे. उतार संपेपर्यंत तुंब्यातील वंगण जळून त्याचा धूर होई आणि प्रत्येक फेरीनंतर तुंबा उघडून त्यात नवे वंगण भरावे लागे, म्हणजेच तो ‘रीपॅक’ करावा लागे, यावरून उताराचेही बारसे झाले. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने मुद्दाम याच कामासाठी नवी सायकल बांधली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. कोणत्याही उनाडपणाला वीस वर्षांत पदक मिळू शकते, याचे हे आश्वासक उदाहरण आहे.

पर्वत नसला तरी क्वीन्समध्ये पर्वताचा चुरा मात्र आहे. शेवटच्या हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाच्या प्रचंड थराने वाटेतील खडक खरवडून आणले आणि येथपर्यंत आल्यावर त्याचा धीर सुटून तो वितळला. आणलेले सामान त्याने होते तेथेच टाकले. हिमनदीने अशा रीतीने रचलेल्या दगडमातीच्या राशीस हिमोढ म्हणतात. लाँग आयलंडचा डोंगराळपणा, असलाच तर, या बेवारस सामानाचा आहे, आणि वीसेक हजार वर्षे निमूटपणे पडून राहिलेला त्यातील एखादा गोटा सिंगलट्रॅकवरील स्वाराच्या पुढच्या चाकाची वाटच पाहत होता, असे मानण्यास जागा आहे.

शहरात अशा वाटेस अधिकृत मान्यता मिळाली ती अलीकडे; मॅनहॅटनच्या उत्तर टोकाकडील हायब्रिज पार्कमध्ये २००७ साली ती प्रथम मिळाली, आणि पाठोपाठ कनिंगहॅम पार्कला. पूर्वी रानातून सायकल हाणणे हा गुन्हा होता, आता तो उपक्रम आहे, आणि उपक्रम म्हटला की पाट्या आल्या. सोप्या वाटेस हिरवे वर्तुळ, मध्यम वाटेस निळा चौकोन व अवघड वाटेस काळा हिरा, ही खूणपद्धत बर्फावरील घसरगुंडीच्या खेळाकडून उसनी घेतलेली आहे. तिच्यात एकच वैगुण्य आहे, ते असे की पाटी वाटेचे वर्णन करते, स्वाराचे करीत नाही. हिरव्या वर्तुळावर दमछाक झालेला प्रौढ गृहस्थ, आपणास खरे आव्हानच मिळाले नाही, असा निष्कर्ष काढून निळ्या चौकोनाकडे वळतो. त्याच वेळी काळ्या हिऱ्याकडून आलेली दहा वर्षांची एक मुलगी त्याला अत्यंत अदबीने, डावीकडून पुढे जाऊ का, असे विचारते. अदबीचा हा प्रहार कोणत्याही हेल्मेटला अडवता आलेला नाही.

वाट बांधण्याचे शास्त्र मात्र खरोखर आदरास पात्र आहे. सायकलीची चाके वाट बिघडवतात त्याहून अधिक पाणी बिघडवते, हे त्यातील पायाभूत तत्त्व. म्हणून वाट सरळ उतारावरून खाली सोडीत नाहीत, तर टेकडीच्या कुशीतून आडवी नेतात. तिचा चढ टेकडीच्या मूळ उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, असा ‘अर्ध्याचा नियम’ आहे, आणि सरासरी चढ शेकडा १० च्या आसपास राखावा, असा दुसरा. वाटेची बाहेरची कड किंचित खाली झुकवतात, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता तिला ओलांडून जाते. हे सर्व एका बाजूस फावड्याची धार व दुसऱ्या बाजूस दाताळे असलेल्या अवजाराने स्वयंसेवक स्वतःच्या सुटीच्या दिवशी करतात. मराठी वाचकास या ठिकाणी आपल्या गावचे श्रावणातील रस्ते आठवतील, आणि एवढे खड्डे आपल्याकडे विनासायास उपलब्ध असता त्यासाठी रानात जाऊन घाम गाळण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडेल. उत्तर असे, की आपला खड्डा हा कोणाचाच नसतो, त्याची जबाबदारी झटकण्यात तीन खाती गुंतलेली असतात. येथील खड्डा मात्र बैठकीत मांडला जातो, त्याच्या खोलीवर मतभेद होतात, आणि मंजूर झाल्यावर त्याची डागडुजी होते. खड्डा बुजू नये म्हणून झटणारी ही जगातील बहुधा एकमेव लोकचळवळ असावी.

या शास्त्रातील सर्वांत मौजेची रचना म्हणजे बर्म. वळणाच्या बाहेरच्या बाजूस माती रचून, ठोकून तयार केलेल्या तिरक्या बांधास बर्म म्हणतात. त्यावर चाक टेकले की ब्रेक न लावता सायकल वळणातून अलगद फिरते. बाहेरची कड उचललेले वळण ते हेच. व्हँडरबिल्टने ज्या रानाशेजारी ते लक्षावधी डॉलर ओतून काँक्रीटमध्ये घडवले, त्याच रानात शतकानंतर काही हौशी मंडळींनी ते चिखलात घडवले, फुकट. आणि दोन्ही वळणे एकमेकांपासून फार लांब नसताना एकावरून वडीलधारी मंडळी जातात, दुसऱ्यावरून त्यांचे जावई.

स्वाराची खरी परीक्षा वाटेत आडव्या पडलेल्या ओंडक्यापाशी होते. पुढचे चाक उचलून ओंडक्यावर टेकवणे आणि मागच्या चाकाला काही कळण्याच्या आत अंगाचा भार पुढे घेणे, एवढीच कृती आहे. ती कागदावर निर्दोष वाटते. परंतु ओंडक्याजवळ वाकून पाहिले असता त्याच्या माथ्यावरील साल घासून गुळगुळीत झालेली आणि उघड्या लाकडावर बारीक, समान अंतराचे दातेरी चरे पडलेले दिसतात. पुढचे चाक पलीकडे, मागचे अलीकडे आणि पायडलाचे दातेरी चक्र मध्येच ओंडक्यात रुतलेले, अशा स्थितीत ज्या ज्या स्वाराने क्षणभर अंतराळात विचार केला, त्या प्रत्येकाचा हा शिलालेख आहे. काही चरे जुने, करडे पडलेले आहेत, काही ताजे, पिवळसर. त्यांच्यावरून कालगणना करता येईल. पुढे लगेचच ओकवृक्षाची मुळे वाटेत तिरपी पसरलेली आहेत. कोरडी असताना ती काटकोनात ओलांडता येतात. ओली असली की चाकाला स्वतःच्या दिशेने ओढून नेतात आणि खऱ्या अर्थाने स्वाराच्या मुळावर उठतात.

याहून सूक्ष्म संकट म्हणजे जोडवृक्ष. दोन झाडांमधील अंतर हँडलपेक्षा, आणि आधुनिक हँडल पाऊण मीटरहूनही रुंद असते, जेमतेम चार बोटे अधिक असते. सायकल स्वाराच्या नजरेमागून जाते, हा या विद्येचा पहिला पाठ; म्हणून झाडाकडे न पाहता दोन झाडांमधील पोकळीकडे पाहावे, असे सांगतात. परंतु एकदा ‘झाडाकडे पाहू नये’ असे सांगितल्यावर माणसाला संपूर्ण रानात ते एकच झाड दिसू लागते. सामान्यतः नजर लावणारा एक आणि ती बाधणारा दुसरा असतो; येथे झाडाला काहीच होत नाही. अशा प्रसंगी उत्पन्न होणाऱ्या आवाजाने मागचे स्वार थांबतात आणि शिष्टाचारानुसार पडलेल्यास, ठीक आहात ना, असे विचारतात. पडलेला स्वार मात्र त्याआधी सायकल उभी करून मागचे चाक हवेत फिरवतो, चेन जागेवर असल्याची खात्री करतो, आणि मगच स्वतःच्या कोपराकडे वळतो.

पाऊस झाल्यावर वाट वाळेपर्यंत तिच्यावर जाऊ नये, असा संकेत आहे, कारण ओल्या मातीत उमटलेले चाकोऱ्यांचे चर पुढे पाण्याचे पाट होतात. तेवढे दिवस हे साधक घरी बसून टायरमधील हवेच्या दाबावर चर्चा करतात. दाब कमी ठेवला तर पकड वाढते आणि जास्त कमी ठेवला तर रिम दगडावर आपटते, एवढ्या भांडवलावर किती आठवडे काढता येतात, हे पाहिल्यावर आपल्याकडील खयाल गायकीच्या घराण्यांविषयीचे वाद संक्षिप्त वाटू लागतात.

वाटेवरून परतलेल्या स्वाराच्या पाठीमागे रान घरापर्यंत येते ते दोन रूपांनी. पहिले पॉयझन आयव्ही या तीन-तीन पानांच्या वेलीचे, जिच्या तेलकट स्रावाने आलेले पुरळ एकदोन दिवस उशिरा, म्हणजे बहुधा कार्यालयातील बैठकीत, प्रकट होते. दुसरे हरणांच्या अंगावर वाढणाऱ्या गोचिडीचे. १९७० च्या दशकात कनेक्टिकटमधील लाइम या गावी ध्यानात आलेला लाइम रोग हिच्यामार्फत पसरतो. तिची पिल्ले खसखशीएवढी असतात आणि गुडघ्याच्या मागची घडी, काख, केसांचा काठ अशा जागा पसंत करतात. अंगास चिकटल्यावर बहुतेकदा एक दिवसाहून अधिक काळ गेल्याशिवाय रोग संक्रमित होत नाही, म्हणून त्याच संध्याकाळी सर्वांगाची तपासणी करून सापडलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. गुडघ्याची मागची बाजू स्वतःस नीट पाहता येत नसल्याने हे काम विजेरी आणि चिमटा घेऊन घरातील दुसऱ्या व्यक्तीस करावे लागते. ही व्यक्ती बहुधा तीच असते, जिला सायकलीची खरी किंमत अद्याप सांगितलेली नाही, आणि हा प्रश्न ती नेमका चिमटा कातडीला टेकल्यावर विचारते.