आषाढाच्या पहिल्या दिवशी, सकाळी आठ वाजता

पंचांगकर्त्यांना एक विनंती आहे. गणेश चतुर्थीच्या दोन महिने आधी, म्हणजे आषाढाच्या पहिल्या दिवसाच्या आगेमागे, ‘कोकण गाडी आरक्षणारंभ, सकाळी 8’ अशी नोंद यापुढे छापत जा. पुण्यकाळ फार तर दोन मिनिटांचा. तो टळला की थेट पुढच्या वर्षी. पूर्वी आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं, तेव्हा हे पर्व साधारण वैशाखात यायचं आणि आंब्याच्या पेट्यांच्या गडबडीत उरकून जायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून मुदत 60 दिवसांवर आली आणि मुहूर्त नेमका कालिदास दिनाला जाऊन भिडला. चपखल बसला म्हणायचा. कालिदासाच्या, रामगिरीवर अडकलेल्या यक्षालाही घरची ओढ होती आणि त्यालाही जायला मिळत नव्हतं. पण त्याने ढग बघितला, निरोप सांगितला आणि मोकळा झाला. ‘आधी तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असं ढगाने त्याला सुनावल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या इमारतीत कणकवलीचे एक काका आहेत. ते या पर्वाची तयारी आदल्या रात्रीच करून ठेवतात. सगळ्यांची नावं, वयं, कोणाला खालचा बर्थ, सगळं भरून तयार. सकाळी पावणेआठला मुलगा लॅपटॉपवर, सून तिच्या फोनवर, काका स्वतःच्या फोनवर आणि नातवाचं कार्टून बंद, कारण वायफायवर भार नको. काकूंनी देवाला दिवा लावलेला असतो, तो राउटरच्या शेजारीच. आठाच्या ठोक्याला तिघेही बटण दाबतात आणि तीन पडद्यांवर तीन गोल फिरू लागतात. मग वाकडीतिकडी अक्षरं उगवतात. ‘हे शून्य की ओ?’ काका ओरडतात. ‘शून्य!’ सून म्हणते. ‘ओ!’ मुलगा म्हणतो. हा वाद मिटेपर्यंत कोकणकन्या एक्सप्रेस भरते. मांडवीकडे वळावं तर तीही भरलेली. तुतारीला हात घालेपर्यंत पडद्यावर ‘रिग्रेट’ झळकतं, म्हणजे प्रतीक्षायादीतही आता उभं राहायला जागा नाही. आठ वाजून दोन मिनिटं झालेली असतात. काकूंच्या दिव्यातलं तेल जेमतेम तापलेलं असतं.

रांग पूर्वीही होती. रात्रीच स्टेशनच्या खिडकीबाहेर वर्तमानपत्रं अंथरून माणसं बसायची. कोणीतरी स्वयंघोषित कारभारी वहीच्या पाठकोऱ्या पानावर नंबर लिहायचा. मध्ये घुसणाऱ्याची गचांडी धरली जायची. पहाटेपर्यंत पुढच्याच्या गावात आपली मावशी दिलेली निघायची आणि भांडण मिटायचं. खिडकीवर ‘फुल्ल’ ऐकलं तर निदान खिडकीतल्या माणसाकडे डोळे वटारून बघता यायचं. आता तुमच्यापुढे हजारो माणसं उभी आहेत आणि त्यातलं एकही दिसत नाही. गचांडी धरायची तर कोणाची, त्या फिरत्या गोलाची? रांग कमी झाली म्हणतात ते खोटं आहे. ती स्टेशनवरून उठली आणि आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसली, एवढंच.

आरक्षण हुकलेल्यांसाठी ‘तत्काळ’ आहे. गाडी सुटायच्या आदल्या दिवशी दहा वाजता वातानुकूलित, अकरा वाजता बाकीचं. जुलै 2025 पासून इथे ऑनलाइन तिकिटाला आधारचा ओटीपी लागतो. दलालांना चाप बसावा म्हणून पहिला अर्धा तास अधिकृत एजंटांनाही दार बंद. हेतू उत्तम. पण चतुर्थीच्या आदल्या दिवसांत अर्ध्या तासानंतर जे उरतं, ते दलालालाही विकता येत नाही आणि सामान्य माणसालाही घेता येत नाही. ओटीपीचं म्हणाल तर तो येतो. आपल्या मराठी माणसाच्या लग्नातल्या पाहुण्यासारखा येतो, अक्षता पडून गेल्यावर.

समजा, तिकीट मिळालं. मग फोनवर गाडीचा ठावठिकाणा बघत बसायचा. तो मात्र अगदी अचूक कळतो. गाडी कुठल्या दोन स्थानकांच्या मध्ये उभी आहे आणि किती मिनिटं उशिरा आहे, सगळं कळतं. ती का उभी आहे, हे फोन सांगत नाही. ते कुठलाही म्हातारा प्रवासी सांगतो: ‘क्रॉसिंग हां.’ कोकण रेल्वे 1998 साली रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सलग सुरू झाली. त्या सुमारे 740 किलोमीटरच्या मार्गात रोहा ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा तुकडा 2021 मध्ये दुहेरी झाला. बाकी जवळपास सगळा एकेरी. त्या एका रुळावर रोजच्या गाड्या, मालगाड्या आणि चतुर्थीच्या जादा गाड्या. जादा गाड्यांचा आकडा दरवर्षी अभिमानाने जाहीर होतो. जादा रुळांचा आकडा जाहीर करायची वेळ क्वचित येते.

2025 च्या गणपतीत रेल्वेने आणखी एक शक्कल लढवली. कोलाडहून मालमोटारी डब्यावर चढवून नेण्याची रो-रो सेवा कितीतरी वर्षं चालते. आता तुमची कारही तशीच न्या. कोलाड ते गोव्यातलं वेर्णा, एका फेरीत 40 गाड्या, भाडं 7,875 रुपये. आता मुंबईहून कोलाडला जायचं कसं? ज्याची कोंडी टाळायची त्याच मुंबई-गोवा महामार्गाने. आणि उतरायचं कुठे? गोव्यात, म्हणजे कणकवली मागे टाकून. नंतर नांदगावचा थांबा दिला, तरी लोक फारसे फिरकले नाहीत. कोकणी माणूस कितीही हौशी असला तरी, आपलं गाव खिडकीतून बघत पुढे जायचे पैसे तो देत नाही.

शेवटी सगळे रस्त्यावर येतात. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम पनवेलच्या बाजूने 2011 मध्ये सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली मुलं दहावीपर्यंत पोचली. रस्ता कुठपर्यंत पोचला हे माणगावात कळतं. मुंबई सोडताना अटल सेतूवरून सुमारे 22 किलोमीटरचं अंतर पंचवीस मिनिटांच्या आत पार होतं. टोल कधी कापला तेही कळत नाही, फोन फक्त ‘टिंग’ करतो. पुढे माणगावची बाजारपेठ ओलांडायला तास-दीड तास. नकाशातली बाई या सगळ्यात अत्यंत शांत असते. ‘मार्ग बदलत आहे,’ म्हणते आणि डावीकडे वळवते. अडचण एवढीच, की तिने मागच्या चारशे गाड्यांच्याही कानात हेच सांगितलेलं असतं. मग एका वाडीतल्या गोठ्यापुढे मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. अंगणात तांदूळ पाखडणारी आजी सूप न थांबवता म्हणते, ‘ह्यो रस्ता माझ्या शेतात जातोय. पर जावा, मागल्या वर्षीबी गेल्ते.’ आजीकडे उपग्रह नाही. तिची माहिती मात्र ताजी असते.

जे काम फोनवर आटोपतं ते सगळं झालं आहे. आरक्षण झालं, ओटीपी झाला, टोल झाला, गाडीचा ठावठिकाणा झाला. ज्याला खडी, डांबर आणि रूळ लागतो तेवढंच राहिलं. आता कोंडी किती लांब आहे ते मीटरमध्ये कळतं. पूर्वी आपण नुसते अडकायचो, आता माहितीपूर्ण अडकतो.

या साऱ्या गोंधळात एकच यंत्रणा कधी बंद पडत नाही. आमच्या काकांना यंदा तिनेच गावाला नेलं. चतुर्थीच्या तीन आठवडे आधी विभागातल्या एका भावी नगरसेवकाचा कार्यकर्ता दारात आला. हातात शंभर पानी वही, कानावर पेन. कॅप्चा नाही, आधार नाही, ओटीपी नाही. ‘कणकवली? किती माणसं?’ लिहून घेतलं आणि गेला. ठरल्या रात्री एसटी इमारतीच्या तोंडाशी उभी. दर्शनी काचेवर गणपती एक बोट उंच आणि भाऊ हात जोडून तीन फूट. तिकीट फुकट. बसमध्ये चढताना कार्यकर्त्याने एवढंच विचारलं, ‘काका, घरात मतदार किती?’

काकांनी खरा आकडा सांगितला. या सेवेत पासवर्ड पाच वर्षांनी एकदाच टाकावा लागतो, आणि तोही बोटावर शाई लावून. आता विचार करा. उद्या दुसरा रूळ पडला, माणगावची कोंडी सुटली आणि आठ वाजून दोन मिनिटांनी काकांना खालचा बर्थ मिळाला, तर त्या शंभर पानी वहीचं काय होईल? इतकी सुरळीत चाललेली सेवा कोणता शहाणा मोडून टाकील?